स्वमग्नतेचे लवकर निदान आणि बुद्धीची वाढ : एका अनुमानाची चिकित्सा

बालमानसशास्त्रावरील अलीकडच्या लेखनात एक अनुमान इतक्या वारंवार आणि इतक्या निःशंकपणे केलेले आढळते की, सिद्धान्ताची प्रतिष्ठा त्याला आता न मागता मिळू लागली आहे. स्वमग्न बालकाचे निदान जितके लवकर होईल तितका त्याच्या बुद्धीचा पुढील विकास अधिक होईल, असे ते अनुमान होय. आरोग्यविषयक भित्तिपत्रकांत ते आहे, पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत ते आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत तर ते प्रस्तावनेच्या पहिल्याच परिच्छेदात भेटते. ते सर्वस्वी खोटे आहे असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु ज्या संशोधनाच्या आधारावर ते उभे केले जाते, ते मुळातून वाचले असता त्यातून नेमके हेच निष्पन्न होते काय, हा प्रश्न विचारणे अवश्य आहे. रोह्यासारख्या तालुक्याच्या संदर्भात तो विचारला असता त्याचे स्वरूप केवळ तात्त्विक राहत नाही.

रोहा हे कुंडलिकेच्या काठचे गाव. एका अंगाला धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि डोंगरउतारांवर कातकरी-ठाकरांच्या वाड्या, अशी या तालुक्याची वस्ती आहे. दिवा–रोहा लोहमार्गाने मुंबईशी त्याचा रोजचा संबंध आहे आणि कोकण रेल्वेचा आरंभही येथूनच होतो. कारखान्यातील कारकुनाचे मूल दोन वर्षांचे होऊनही हाकेला ओ देत नसेल, तर त्याला गाडीत बसवून मुंबईच्या तज्ज्ञाकडे नेता येते. वाडीवरच्या मुलाच्या बाबतीत तसे होत नाही. एकाचे निदान दुसऱ्या वर्षी, दुसऱ्याचे सातव्या वर्षी, आणि तेही शाळेत घालताना अडले म्हणून. आता दहाव्या वर्षी या दोन मुलांच्या बुद्धिगुणांकांत जे अंतर पडेल ते निदानाच्या तारखेमुळे पडले, असे म्हणणाऱ्याने मधल्या आठ वर्षांतील बाकी सर्व गोष्टींचे काय केले? प्रस्तुत चिकित्सेचा गाभा या साध्या प्रश्नात आहे.

प्रथम बुद्धीच्या मापनाविषयी. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वृत्त प्रसिद्ध केले आणि स्वमग्नतेला स्वतंत्र विकृतीचे स्थान मिळाले. या अकरा मुलांची बुद्धी मूलतः चांगली आहे, असा कॅनर यांचा ग्रह होता. त्यांची पाठांतराची शक्ती विलक्षण होती, आणि सेग्विनच्या फलकावर, म्हणजे खाचांत लाकडी आकार बसविण्याच्या कसोटीवर, ती चांगली उतरत. मात्र त्याच मुलांना प्रश्नोत्तरांची कसोटी देऊ गेले असता ती बहुधा परीक्षकाकडे पाहतसुद्धा नसत. म्हणजे या विषयाच्या जन्मकाळीच हे स्पष्ट झाले होते की, स्वमग्न मुलाची बुद्धी किती, या प्रश्नाचे उत्तर कोणत्या कसोटीने मोजले यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. पुढील संशोधनाने हे विसरावयास नको होते.

आपल्याकडील मापनाचा इतिहास याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोटीची कानडी व मराठी भाषक मुलांसाठी पुनर्रचना केली आणि १९३४ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बिने-कामत कसोटी या नावाने ती आजही देशभर वापरात आहे. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी जो बुद्धिगुणांक लागतो तो अनेक ठिकाणी तिच्यावरच काढला जातो. आर्थर मालिन यांनी नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात वेक्स्लर यांच्या बालकसोटीचे भारतीय रूप १९६९ साली सिद्ध केले. डॉल यांच्या सामाजिक परिपक्वता श्रेणीचे नागपुरी रूपही त्यांचेच. ही दोन्ही कामे आपल्याच भाषाप्रदेशात झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु नव्वद वर्षांपूर्वीच्या धारवाडकर मुलांवर बसविलेली प्रमाणके आजच्या मुलाला लावणे हे अभिमानाचे काम खासच नव्हे. पिढीगणिक कसोट्यांवरील गुण वाढत जातात, हे फ्लिन यांनी १९८४ नंतरच्या लेखांतून अनेक देशांच्या आकड्यांनी दाखविले आहे. तेव्हा जुन्या प्रमाणकांवर काढलेला गुणांक फुगलेला असण्याचा संभव राहतोच.

याहून महत्त्वाची अडचण कसोटीतील प्रश्नांच्या स्वरूपात आहे. बिनेच्या परंपरेत तीन वर्षांच्या मुलाला काय विचारले जाते? नाक दाखव, डोळे दाखव. ही किल्ली, हे नाणे, याला काय म्हणतात ते सांग. चित्रात काय दिसते ते सांग. तू मुलगा की मुलगी. मी म्हणतो ते माझ्यामागून म्हण. आता स्वमग्नतेच्या लवकर निदानासाठी ज्या खुणा तपासतात त्या आठवाव्यात : मूल बोटाने दाखवते काय, दुसऱ्याने दाखविलेल्या वस्तूकडे पाहते काय, अनुकरण करते काय, हाकेला प्रतिसाद देते काय. दोन्ही याद्या जवळजवळ एकच आहेत. म्हणजे तिसऱ्या वर्षी बुद्धिगुणांक म्हणून आपण जो आकडा लिहितो, त्यात स्वमग्नतेचीच खूण दुसऱ्या नावाने पुन्हा मोजली गेलेली असते. बोटाने न दाखविणारे मूल एकदा निदानाच्या तक्त्यात उणे ठरते आणि त्याच कारणासाठी दुसऱ्यांदा बुद्धीच्या तक्त्यात उणे ठरते. उलट, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे घोकणारे स्वमग्न मूल ‘माझ्यामागून म्हण’ या प्रश्नात पूर्ण गुण मिळवून जाते, जरी त्या वाक्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसला तरी.

हे ध्यानात घेतले म्हणजे ‘लवकर उपचाराने बुद्धिगुणांक वाढला’ या विधानाचा अर्थ निराळा दिसू लागतो. या विधानाचे मूळ लोवास यांच्या १९८७ च्या लेखात आहे. कॅलिफोर्नियातील एकोणीस मुलांना आठवड्यास चाळीस तास एकास-एक शिक्षण दोन वर्षे वा अधिक काळ दिले, आणि त्यांपैकी नऊ मुले सामान्य बुद्धिगुणांक मिळवून सामान्य शाळेतील पहिली इयत्ता उत्तीर्ण झाली, असा तो वृत्तांत होता. त्याने जगभरच्या पालकांच्या मनात आशा निर्माण केली. परंतु मुलांची गटांत विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, शिक्षक उपलब्ध आहेत की नाहीत यावर झाली होती. ज्यांचे प्रारंभीचे मानसिक वय फार कमी होते त्यांना घेतलेलेच नव्हते. आणि शिक्षणात शारीरिक शिक्षेचाही वापर झालेला होता. यातील शेवटची गोष्ट आपल्याकडील उद्धरणांत क्वचितच सांगितली जाते.

विधिवत् चिठ्ठ्या टाकून केलेला पहिला महत्त्वाचा प्रयोग जेरल्डिन डॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. अठरा ते तीस महिने वयाची अठ्ठेचाळीस मुले त्यात होती. दोन वर्षांनंतर उपचारगटाचा विकासगुण सरासरीने १७.६ अंशांनी वाढला, दुसऱ्या गटाचा ७ अंशांनी. फरक मोठा आहे, यात शंका नाही. परंतु तो कोठे पडला ते पाहावे. वाढ मुख्यत्वे भाषा समजण्याच्या व बोलण्याच्या उपश्रेणींत होती. निरीक्षणाने मोजलेल्या स्वमग्नतेच्या लक्षणांच्या तीव्रतेत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पुढे रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग तीन ठिकाणी मिळून ११८ मुलांवर केला व २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत भाषेचा लाभ दिसला, तोही तीनपैकी दोनच ठिकाणी. एकूण विकासगुणात दोन गटांत लक्षणीय अंतर पडले नाही, कारण नेहमीचे उपचार घेणारी मुलेही पुढे गेली होती. अशा रीतीने लोवास यांच्यापासून रॉजर्स यांच्यापर्यंत जसजशी प्रयोगाची रचना काटेकोर होत गेली, तसतसा बुद्धिगुणांकातील लाभ आकसत गेला आणि भाषेतील लाभ तेवढा टिकून राहिला. शिक्षणात ज्या गोष्टी शिकविल्या जातात, म्हणजे लक्ष देणे, दाखविणे, अनुकरण करणे, मागणे, त्यांवरच लहान वयाच्या कसोटीची इमारत उभी असल्यामुळे हे व्हावयाचेच होते. मूल बोलू लागले हा लाभ खरा आहे. त्याला बुद्धीची वाढ म्हणावयाचे की बुद्धीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता मोकळा झाला असे म्हणावयाचे, हा मात्र नुसता शब्दांचा वाद नव्हे.

तो नुसता शब्दांचा वाद का नव्हे, हे दुसऱ्या एका डॉसन यांच्या लेखावरून कळते. आडनाव एक असले तरी दोघींची दिशा निराळी आहे. मिशेल डॉसन या स्वतः स्वमग्न आहेत आणि माँट्रियालच्या संशोधनगटात त्यांनी काम केले. २००७ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी अडतीस स्वमग्न मुलांना वेक्स्लरची कसोटी आणि रेव्हनची आकृतिमालिकांची कसोटी अशा दोन्ही दिल्या. पहिलीवर ती सरासरीने सव्विसाव्या शततमकावर होती, दुसरीवर छप्पन्नाव्या. मुले तीच, वय तेच. बदलली फक्त कसोटी. उपचाराचा एक तासही न देता तीस शततमकांचे हे अंतर पडले. आता एखाद्या मुलाचे तिसऱ्या वर्षी शाब्दिक श्रेणीने आणि आठव्या वर्षी आकृतींच्या श्रेणीने मापन केले, तर त्याची ‘बुद्धी’ वाढल्याचे दिसेल, आणि त्याचे श्रेय त्या दोहोंमध्ये जे काही केले असेल त्याला मिळेल. दीर्घकालीन अभ्यासांत वयानुसार कसोटी बदलणे अपरिहार्य असते. परंतु त्या बदलाचा हिशेब किती लेखांत मांडलेला असतो?

दीर्घकालीन अभ्यासांपैकी कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील सॉलोमन व सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. दोन ते आठ वर्षांच्या दरम्यान १०२ मुलांच्या बौद्धिक वाढीचे चार मार्ग त्यांना आढळले. सुमारे चतुर्थांश मुलांचा गुणांक प्रारंभी फार कमी होता आणि पुढेही घसरला. साडेसतरा टक्क्यांच्या आसपास मुले खालच्याच पातळीवर स्थिर राहिली. एकपंचमांशाहून थोडी अधिक मुले प्रारंभापासून सामान्य कक्षेत होती. आणि ३५ टक्के मुलांचा गुणांक मोठ्या प्रमाणात चढला. ही सर्वच मुले लवकर निदान झालेली होती. निदानाचा काळ सर्वांचा जवळजवळ एकच असताना वाढीचे मार्ग चार झाले, याचा अर्थ निदानाची तारीख हे त्या भेदाचे कारण होऊ शकत नाही. दुसरे असे की, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच्या आकड्यावरून यापैकी कोणते मूल कोणत्या मार्गाने जाईल, हे मोठ्या अंशी सांगता येत नव्हते. सर्वांत मोठा गट चढणाऱ्यांचा होता, आणि प्रारंभी तो वेगळा ओळखू येण्यासारखा नव्हता. ज्या व्यवस्थेत मुलाचे मापन एकदाच होते आणि तो आकडा प्रमाणपत्रावर कायमचा बसतो, त्या व्यवस्थेने या एका निष्कर्षावरून तरी सावध व्हावयास हवे.

निदान तरी लवकर किती स्थिर असते? सॅन दिएगो येथील पिअर्स व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात १,२६९ मुलांचे वारंवार परीक्षण झाले. बारा-तेरा महिन्यांच्या वयात केलेले स्वमग्नतेचे निदान निम्म्याच मुलांत टिकले. चौदाव्या महिन्यापासून मात्र ते सुमारे ऐंशी टक्क्यांत टिकले. लवकर निदानाच्या बाजूने हा पुरावा चांगला आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञाच्या हातचा आहे, प्रश्नावलीचा नव्हे, हे विसरता कामा नये. प्रश्नावलीने सर्व बालकांची चाळणी करावी काय, या प्रश्नावर अमेरिकेतच दोन मते होती : बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अठराव्या व चोविसाव्या महिन्यांत चाळणी करण्याची शिफारस २००७ मध्ये केली, तर प्रतिबंधक सेवांविषयी सल्ला देणाऱ्या मंडळाने २०१६ मध्ये पुरावा अपुरा असल्याचा निर्वाळा दिला. चाळणीत सापडलेल्या आणि एरवी कोणाच्या लक्षात न आलेल्या मुलांना उपचारांचा लाभ होतो काय, हे दाखविणारे प्रयोगच झालेले नव्हते, असे त्या मंडळाचे म्हणणे होते.

आता रोह्याकडे वळू. येथील अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक येते. २०१३ साली सुरू झालेल्या या योजनेनुसार अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावयाची असते, आणि संशयित बालकांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवावयाचे असते. योजनेची आखणी उत्तम आहे. परंतु कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पथकाच्या दोन भेटींपैकी एक त्यांच्या गैरहजेरीतच जावयाची. ज्या मुलाचे नाव पहिल्या भेटीत संशयित म्हणून लिहिले ते दुसऱ्या भेटीत पटावर असेल, पण अंगणवाडीत नसेल. काळाच्या ओघात मुलाची वाढ पाहावयाची असे आपण म्हणतो, तेव्हा ते मूल एकाच ठिकाणी राहील हे आपण न सांगता गृहीत धरलेले असते. डेव्हिसच्या अभ्यासात हे गृहीत खपून जाते. रोह्याच्या वाडीवर ते खपत नाही.

भाषेचा प्रश्न याच्याच जोडीचा आहे. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) उत्तर कोकणच्या बोलींचे आणि कातकरीचे नमुने आहेत. कातकरी बोली प्रमाण मराठीपासून किती दूर आहे हे त्यावरूनही ध्यानात येते. आगरी घरातील एखाद्या तीन वर्षांच्या मुलाची कल्पना करावी. त्याच्या घरी डोळ्याला ‘डोला’ म्हणतात, पाण्याला ‘पानी’ म्हणतात. हा भेद क्षुल्लक आहे आणि सामान्य मूल तो सहज ओलांडते. परंतु स्वमग्न मुलाची खोडच ही की, शब्द ज्या आवाजात, ज्या ठिकाणी, ज्या माणसाच्या तोंडून प्रथम ऐकला त्याच्याशी तो जखडून जातो. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसाने, शाळेच्या मराठीत उच्चारलेला ‘डोळा’ हा त्याच्या लेखी त्याचा शब्दच नसण्याचा संभव आहे. परीक्षक कागदावर शून्य लिहील. ते शून्य बुद्धीचे, स्वमग्नतेचे की बोलीचे, हे कागद सांगणार नाही. कातकरी मुलाच्या बाबतीत तर संदेहालाही फारशी जागा नाही.

सामाजिक परिपक्वतेच्या श्रेणीत याच्या उलट प्रकार घडतो. पालकांच्या सांगण्यावरून ती भरावयाची असते आणि मूल स्वतःच्या हाताने जेवते काय, घराबाहेर एकटे फिरते काय, असे तिचे प्रश्न असतात. वाडीवरचे मूल चौथ्या वर्षी ओढ्यापर्यंत एकटे जाते. मुंबईतील सदनिकेत वाढणाऱ्या मुलाला सातव्या वर्षीही जिन्यावर एकटे सोडत नाहीत. येथे वाडीवरचे मूल, स्वमग्न असूनही, अधिक ‘परिपक्व’ ठरेल. म्हणजे एका कसोटीने ते आपल्या बोलीमुळे खाली गेले आणि दुसऱ्या कसोटीने आपल्या भूगोलामुळे वर आले. या दोन आकड्यांवर आधारलेल्या प्रमाणपत्रावर पेन्सिलीनेही सही करण्यापूर्वी विचार करावा लागेल.

स्वमग्नतेसाठी भारतीय मापनश्रेणी आहे, तिचा उल्लेख न केल्यास अन्याय होईल. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने २००९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या श्रेणीत चाळीस विधाने आहेत आणि प्रत्येकास एक ते पाच गुण. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेला प्रथम कायदेशीर नाव दिले, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला एकवीस अक्षमतांत स्थान दिले. या श्रेणीमुळे प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. प्रमाणपत्रासाठी ती उपयुक्त आहे. परंतु दोन वर्षांच्या अंतराने मुलात काय बदलले, हे दाखविण्यासाठी ती रचलेलीच नाही. आणि आपल्या काही प्रबंधिकांत ती नेमकी त्याच कामाला जुंपलेली दिसते.

मग या किनाऱ्यावर करण्यासारखे काय आहे? याचे सर्वांत जवळचे उदाहरण गोव्यात आहे. तेथील संगाथ या संस्थेने ब्रिटिश संशोधकांबरोबर आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या गटाबरोबर एक प्रयोग केला; तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वर्षांच्या पासष्ट मुलांच्या पालकांपैकी निम्म्यांना, सहा महिन्यांत बारा बैठकी घेऊन, आपल्या मुलाशी खेळतानाचे चित्रीकरण दाखवीत दाखवीत, त्याच्या हालचालीला प्रतिसाद कसा द्यावा हे शिकविले. शिकविणारे तज्ज्ञ नव्हते. स्थानिक आरोग्यसेवक होते. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून संवादाला आरंभ करू लागली. मात्र एकाच वस्तूकडे दोघांनी मिळून लक्ष देण्याचा वेळ उपचारगटात कमी भरला. हा प्रतिकूल निष्कर्ष संशोधकांनी लपविला नाही, म्हणून त्यांच्या अनुकूल निष्कर्षावर विश्वास ठेवावासा वाटतो. या प्रयोगात बुद्धिगुणांक हे साध्य मानलेलेच नव्हते, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला विशेष महत्त्वाची वाटते. ज्या ब्रिटिश पद्धतीचे हे रूपांतर होते, तिच्यातील मुलांना जवळजवळ सहा वर्षांनी पुन्हा तपासले असता लक्षणांची तीव्रता कमी राहिल्याचे २०१६ मध्येच आढळले. भाषेच्या कसोट्यांत तसा लाभ आढळला नाही. डेन्व्हर पद्धतीच्या प्रयोगांत याच्या उलट झाले होते. तेव्हा ‘लवकर उपचार’ हे एकच औषध नव्हे आणि त्याचा परिणामही एकच नव्हे. कोणत्या उपचाराने काय बदलते, हे प्रत्येक वेळी निराळे विचारावे लागते.

ऑस्ट्रेलियातील २०२१ चा एक प्रयोग तर मूळ अनुमानालाच उलटे करतो. व्हाइटहाउस, ग्रीन आणि सहकाऱ्यांनी सुमारे एक वर्षाची १०३ बालके घेतली. त्यांच्यांत स्वमग्नतेच्या प्रारंभिक खुणा होत्या, निदान मात्र झालेले नव्हते. निम्म्यांच्या पालकांना वरील पद्धतीचाच धडा दिला. तिसऱ्या वर्षी त्या गटातील ६.७ टक्के बालके निदानाच्या कक्षेत आली, दुसऱ्या गटातील २०.५ टक्के. येथे साहाय्य निदानाच्या आधी आले. नुसत्या शंकेवर आले. प्रयोग लहान आहे, आणि निदानाची रेषा न ओलांडणारे मूल अडचणींतून मुक्त झाले असेही नव्हे. तथापि निदान हे साहाय्याचे दार आहे आणि ते उघडल्यावाचून आत जाता येत नाही, ही आपली समजूत त्याने खोटी ठरविली आहे. रोह्याच्या अंगणवाडीसेविकेला एखादे मूल ‘वेगळे’ वाटले, तर तिने जिल्ह्याहून कागद येईपर्यंत थांबावे असे सांगणारा कोणताही पुरावा प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. आपले पालक मुलाच्या बोलण्यातील उशिरापेक्षा त्याच्या वागण्यातील दुराव्याने आधी अस्वस्थ होतात, असे तमारा डेली यांना भारतीय शहरांतील कुटुंबांच्या अभ्यासात (२००४) आढळले होते. हा दुरावा ओळखण्यास कसोटी लागत नाही.

कॅनर यांनी १९७१ मध्ये आपल्या अकरा मुलांचा पुन्हा मागोवा घेतला. या सर्वांचे निदान एकाच माणसाने केलेले होते. त्यांपैकी जी मोठ्या सरकारी संस्थांत ठेवली गेली त्यांची स्मरणशक्ती आणि त्यांचे जुने नैपुण्य मावळले, आणि गुणांक अगदी खालच्या पातळीवर गेले. पहिल्या मुलाला मात्र आईवडिलांनी काही वर्षे एका शेतकरी दांपत्याकडे ठेवले होते. त्याला मोजण्याचा नाद होता. त्या शेतकऱ्याने त्याला मक्याच्या ओळी मोजण्यास लावले, आणि मोजता मोजता तो घोडा व नांगर हाकू लागला. पुढे तो पदवीधर झाला व बँकेत नोकरी करू लागला. या हकीकतीवरून सिद्धान्त काढणे चूक होईल. अकरांपैकी एकाची ती हकीकत आहे आणि त्याचे घर संपन्न होते. परंतु ज्या मुलाच्या एका वेडाला त्या शेतकऱ्याने कामाची जागा दिली, त्याचे आठव्या वर्षीचे मापन आपल्या जिल्ह्याच्या केंद्रात झाले असते तर त्या तक्त्यात ओळी मोजण्यासाठी एकही रकाना नसता.

आपल्या विभागात या विषयावर पुढे जे प्रबंध होतील त्यांच्याकडून दोन अपेक्षा आहेत. निदानाचे वय हे एकटे चल घेऊन बुद्धिगुणांकाशी त्याचा सहसंबंध काढण्याचे काम आता थांबवावे. त्यातून पालकांचे उत्पन्न आणि मुंबईपासूनचे अंतर यांपलीकडे काही कळणार नाही. त्याऐवजी रोहा व पेण तालुक्यांतील आगरी आणि कातकरी घरांत दोन ते सहा वर्षांची मुले कोणत्या वयात काय दाखवितात, काय मागतात, कोणत्या शब्दांत मागतात, याची नोंद त्या त्या बोलीत, त्या त्या घरी बसून, भट्टीच्या हंगामात भट्टीवर जाऊन करावी. सामान्य मुलांची ही नोंद आपल्यापाशी नाही. ती होईपर्यंत स्वमग्न मुलाचा बुद्धिगुणांक लिहिताना त्याच्या शेजारी कसोटीचे नाव, परीक्षेची भाषा आणि परीक्षकाला मूल किती वेळा भेटले होते, हे तीन तपशील लिहावेत. आणि तिसऱ्या तपशिलासमोर ‘एकदा’ असे असल्यास तो आकडा सरासरीत धरू नये.